आडनावाची ढाल: लग्नातल्या पेल्यांचं एक प्रकरण

मागणी अशी होती: व्हिस्कीचे सहा जड बुडाचे ग्लास. प्रत्येकावर एका बाजूला ‘कॅम्पबेल’ घराण्याचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला ‘मोरे’ घराण्याचं, खाली दोन्ही आडनावं आणि लग्नाची तारीख. मागणी घेऊन आला होता नवरीचा धाकटा भाऊ. कुटुंब मूळचं सातारा जिल्ह्यातलं, आता पुण्यात स्थायिक. नवरी ग्लासगोत नोकरी करते, नवरा तिथलाच. लग्न आधी साताऱ्याला मांडवात, मग स्कॉटलंडमध्ये एक छोटा समारंभ. ग्लास त्या दुसऱ्या समारंभात नवऱ्याच्या वडिलांच्या हाती द्यायचे होते.

मी पुण्यात काचेवर कोरीवकाम करते. नाव, तारीख, कंपनीचा लोगो ही रोजची कामं. पण गेल्या काही वर्षांत ‘आमच्या आडनावाचं क्रेस्ट टाका’, म्हणजे घराण्याचं चिन्ह टाका, ही मागणी वाढत चालली आहे, आणि त्यातली बहुतेक माणसं फोनमध्ये उतरवून घेतलेलं एक चित्र पुढे करतात. ते चित्र कुठून आलं, ते कुणाचं, हे विचारल्याशिवाय मी काम हाती घेत नाही. काच कोरली की पुसता येत नाही. या प्रकरणात ते विचारणं फार कामी आलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

मुलाच्या फोनवर दोन चित्रं होती. पहिलं कॅम्पबेलांचं: आठ त्रिकोणी फाकांची ढाल, एक फाक सोनेरी, एक काळी, वर शिरस्त्राण, त्यावर रानडुकराचं मस्तक आणि एका फितीवर लॅटिन शब्द, ‘ने ऑब्लिव्हिस्कारिस’, म्हणजे विसरू नकोस. दुसरं मोऱ्यांचं: पांढरी ढाल, तिच्यावर कैचीसारखा उलटा कोन आणि त्याच्याभोवती तीन काळे पक्षी. वर सुबक अक्षरांत ‘मोरे फॅमिली क्रेस्ट’.

दुसऱ्या चित्राचा उलगडा आधी झाला. ते आडनाव मोरे नव्हतंच, ते होतं इंग्रजांतलं मोर. रोमन लिपीत दोन्हींची स्पेलिंग एकच. आठव्या हेन्रीनं १५३५ साली ज्याचा शिरच्छेद करवला त्या सर थॉमस मोर यांच्या ढालीवर असेच पक्षी होते. ‘मूरकॉक’ नावाचा तो पक्षी आडनावाशी जुळतो म्हणून घेतलेला. इंग्लंडच्या चिन्हशास्त्रात अशी नावावरून रचलेली चिन्हं पुष्कळ सापडतात. विकणाऱ्या संकेतस्थळानं फक्त चार अक्षरं जुळवली होती. जावळी खोऱ्याच्या आसपास पिढ्या काढलेल्या कुटुंबाला लंडनच्या एका घराण्याची ढाल मिळाली होती, आणि ती सहा ग्लासांवर कोरून परत ब्रिटनलाच जायची होती.

हे एका संकेतस्थळापुरतं नाही. आडनावावरून चिन्ह विकणाऱ्या धंद्याची पद्धतच अशी आहे की जुन्या सूचीत त्या आडनावाचा जो कुणी ढालधारक सापडेल त्याची ढाल उचलायची आणि त्या आडनावाच्या सगळ्यांना देऊन टाकायची. मग ती मगवर, घड्याळावर, पेल्यावर छापली जाते. त्या जुन्या सूचींतच एका आडनावाखाली वेगवेगळ्या माणसांच्या अनेक वेगवेगळ्या ढाली असतात, ही गोष्ट ग्राहकापर्यंत पोचत नाही.

अशी चिन्हं देणारं आणि नोंदवणारं लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ साली तिसऱ्या रिचर्डच्या सनदेनं स्थापन झालं. इंग्लंडमधला त्यांचा नियम स्पष्ट आहे: कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं चिन्ह, आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला मिळतं, आणि तिच्याकडून पुरुषवंशानं पुढच्या पिढ्यांकडे जातं. आडनाव तेच असलं तरी वंश सिद्ध झाला नाही तर हक्क नाही. आयर्लंडमध्ये डब्लिनला १९४३ पासून चीफ हेराल्ड हे चिन्हांचे सरकारी अधिकारी आहेत. तिथे एका मूळ कुळाच्या लोकांनी त्या कुळाचं चिन्ह घरात लावायला फारशी हरकत मानली जात नाही, म्हणून आयरिश आडनावांच्या पेल्यांचा बाजार एवढा मोठा आहे. स्कॉटलंड मात्र या बाबतीत सगळ्यांत कडक. आणि आमचे ग्लास जाणार होते स्कॉटलंडला.

रानडुकराचं मस्तक कुणाचं

फोनवरची सोनेरी-काळी ढाल आणि रानडुकराचं मस्तक हे कॅम्पबेल कुळाच्या प्रमुखाचं, म्हणजे ड्यूक ऑफ अर्गाइल यांचं. त्यांचं घर इन्व्हरेरीचा किल्ला. स्कॉटलंडच्या नियमाप्रमाणे कुठल्याही फरकाशिवायची मूळ ढाल एका वेळी एकाच माणसाची असते. प्रमुखाच्या धाकट्या भावालाही ती जशीच्या तशी वापरता येत नाही, त्यात काहीतरी वेगळेपणाची खूण घालावी लागते.

एडिंबरामध्ये लॉर्ड लायन किंग ऑफ आर्म्स, म्हणजे स्कॉटलंडमधल्या चिन्हांचे प्रमुख अधिकारी, यांचं न्यायालय आहे. हो, खरोखरचं न्यायालय, स्वतःच्या सरकारी वकिलासह. १६७२ च्या कायद्यानं तिथे सर्व चिन्हांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली, आणि त्याच कायद्यात नोंद नसलेलं चिन्ह वापरणाऱ्याला शंभर स्कॉटिश पौंड दंड सांगितला आहे. त्यापुढचं कलम माझ्या धंद्याच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं: ज्या चीजवस्तूंवर असं चिन्ह कोरलेलं किंवा काढलेलं असेल त्या राजाकडे जमा. कोरलेला पेला नेमका त्यात बसतो.

एखाद्या घरातल्या सहा ग्लासांमागे कुणी धावत येईल असं मला वाटत नाही. पण हा कायदा नुसता जुना कागदही नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्या अॅबर्डीनशायरमधल्या गोल्फ मैदानासाठी नोंद नसलेलं चिन्ह वापरल्यावर हरकत निघाली आणि २०१२ साली लॉर्ड लायनकडून रीतसर नवं चिन्ह घ्यावं लागलं. अमेरिकेत ते वापरत आलेलं चिन्ह मुळात जोसेफ डेव्हिस नावाच्या मुत्सद्द्याला १९३९ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी दिलेलं. त्यातला ‘इंटेग्रिटास’ म्हणजे सचोटी हा शब्द काढून तिथे ‘ट्रम्प’ घातला होता.

मग साध्या कॅम्पबेलानं काय मिरवायचं? त्यासाठी स्कॉटलंडमध्ये एक जुनी सोय आहे. कुळप्रमुखाचं क्रेस्ट, म्हणजे नेमकं बोलायचं तर ढालीवरच्या शिरस्त्राणावरची खूण, इथे ते रानडुकराचं मस्तक, एका गोल पट्ट्यात बसवतात, पट्ट्याला बक्कल असतं आणि त्यावर प्रमुखाचं बोधवाक्य. हा बिल्ला कुळातल्या कुणीही टोपीला किंवा अंगावर लावावा. आपण कुणाचे अनुयायी आहोत हे त्यातून दिसतं. पट्टा-बक्कल हाच त्यातला खुणेचा भाग आहे. तो काढून नुसतं मस्तक ठेवलं की ‘मीच प्रमुख’ असा दावा होतो. दुकानांतल्या बहुतेक ग्लासांवर नेमका पट्टाच गायब असतो, कारण नुसतं मस्तक जास्त देखणं दिसतं.

आणखी एक पेच: कॅम्पबेल एकच नाहीत. ब्रेडलबेनचे कॅम्पबेल ‘फॉलो मी’ म्हणतात, कॉडरचे ‘बी माइंडफुल’. शिवाय डोंगराळ भागात कुळप्रमुखाच्या जमिनीवर राहणाऱ्या, त्याच्या आश्रयाला आलेल्या माणसांनीही त्याचं आडनाव घेतलं, रक्ताचं नातं असो वा नसो. त्यामुळे नवऱ्याच्या घरी विचारणं भाग होतं. मी प्रश्न लिहून दिले, नवरीनं ते सासऱ्यांना विचारले.

सासरे पट्टा-बक्कलवाला बिल्ला लावतात, तो त्यांच्या वडिलांचा आहे. पण ग्लासांवर तो नको, असं त्यांनी लगेच सांगितलं. टोपीवरचा बिल्ला ‘मी त्यांचा’ असं सांगतो. घरातल्या भांड्यावरचं क्रेस्ट पूर्वीपासून ‘हे भांडं त्यांचं’ असं सांगत आलं आहे. आपल्याच घरात पाहुण्यांना ड्यूकच्या खुणेचे पेले द्यायचे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. त्यांनी दुसरं सुचवलं: बॉग मर्टलची डहाळी.

हे मला आधी फक्त ऐकून माहीत होतं. स्कॉटिश कुळांची ढालीव्यतिरिक्त एकेक वनस्पतीही असते आणि तिची डहाळी टोपीत खोचतात. कॅम्पबेलांची बॉग मर्टल. ओल्या, काळ्या मातीच्या दलदलीत वाढणारं हे सुवासिक झुडूप हिमालयातल्या काफळाच्या गोतातलं आहे. त्याच्या पानांनी पूर्वी एल नावाच्या बिअरला स्वाद देत, आणि तिथल्या चावऱ्या चिलटांना दूर ठेवायलाही ती पानं वापरतात. सासऱ्यांच्या घराजवळच्या माळावर ते उगवतं. त्यांनी पानांचे फोटो पाठवले.

मधल्या काळात मुलानं आणखी एक नमुना शोधला होता. अठराव्या शतकातल्या जॅकोबाइट पेल्यांवर असतो तसा गुलाब आणि शेजारी कळी. हे पेले खरोखर फार सुंदर असतात. पदच्युत स्टुअर्ट घराण्याचे समर्थक त्यांतून ‘पाण्यापलीकडच्या राजाच्या’ नावानं पीत आणि गुलाबात आपली निष्ठा लपवत. पण १७४६ साली क्युलोडनच्या लढाईत अर्गाइलचे कॅम्पबेल सरकारी फौजेच्या बाजूनं, म्हणजे स्टुअर्टांच्या विरुद्ध लढले. कॅम्पबेलाच्या घरी तो गुलाब पाठवणं म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या शत्रूची खूण भेट देणं. तो नमुना लगेच बाजूला ठेवला.

मोऱ्यांचं देवक

थॉमस मोर यांचे पक्षी गेल्यावर मोऱ्यांच्या बाजूला काय कोरायचं हा प्रश्न उरला. चुलतभावानं सुचवलं, राजमुद्रा टाका. हल्ली ती गाडीच्या काचेपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे असते, त्यामुळे सुचणं स्वाभाविक. मी तीन कारणांनी नकार दिला.

पहिलं कारण प्रत्येकाला पटतं: ती दारूच्या पेल्यावर शोभत नाही. दुसरं: राजमुद्रा ही एका माणसाची आहे. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ या श्लोकात पुढे स्वच्छ म्हटलं आहे की ही मुद्रा शहाजीचा पुत्र शिव याची. संभाजी महाराजांनीही ती वापरली नाही, त्यांची मुद्रा वेगळी, तिचा मजकूर वेगळा. मुलगा राजाचा असला तरी मुद्रा स्वतःची करावी लागे, हा नियम स्कॉटलंडच्या ढालीपेक्षाही कडक. तिसरं कारण मोऱ्यांपुरतं. जावळीच्या मोऱ्यांना आदिलशाहीकडून ‘चंद्रराव’ किताब होता आणि १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी त्यांच्याकडूनच घेतली. आपण जावळीच्या मोऱ्यांपैकी, असं हे कुटुंब मानतं. मग त्यांच्या घराण्याची खूण म्हणून राजमुद्रा कशी चालेल? कॅम्पबेलाच्या घरी स्टुअर्टांचा गुलाब आणि मोऱ्यांच्या घरी राजमुद्रा, दोन्हीकडे तोच घोळ झाला असता.

नवरीचे वडील म्हणाले, आपल्या संस्थानिकांना तर अशी चिन्हं होती ना? होती. ती बहुतेक १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्तानं एका झटक्यात तयार झाली. बंगाल सनदी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्यानं संस्थानिकांसाठी युरोपीय धाटणीच्या ढाली रचल्या आणि त्या रेशमी निशाणांवर काढून व्हाइसरॉय लिटन यांच्या हस्ते देण्यात आल्या. मुंबईचे सर जमशेटजी जिजीभाई बॅरोनेट झाले, त्यांना रीतसर कोट ऑफ आर्म्स मिळालं, बोधवाक्य ‘इंडस्ट्री अँड लिबरॅलिटी’. ही सगळी ठरावीक माणसांना दिलेली चिन्हं. जिजीभाई किंवा शिंदे आडनाव लावणाऱ्या प्रत्येकाची ती नव्हेत.

आपल्याकडे कुळाची खूण म्हणून ज्याचं नाव घ्यावं ते देवक. लग्नाआधी देवक बसवतात. घरोघर ते वेगळं: कळंबाची डहाळी, सूर्यफूल, मोराचं पीस, वासुकीवेल, रुई, पंचपालवी. मांडवात त्याची पूजा होते, आणि एकाच देवकाच्या घरांत सोयरीक करत नाहीत, म्हणजे त्याला नात्याचा कायदाही चिकटलेला आहे. इंटरनेटवर मोऱ्यांपुढे ‘मोराचं पीस’ लिहिलेलं सापडतं. मुलगा खूश झाला. मोरे, मोर, पीस, सगळं जुळत होतं, आणि मोरपीस काचेवर दिसायलाही छान. मी त्याला म्हटलं, आधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला विचार.

ती त्याच्या वडिलांची आत्या. गावीच असते, घरातल्या अनेक लग्नांची देवकं तिनं स्वतः बसवलेली. तिनं सांगितलं, आपल्याकडे पीस कधीच नव्हतं, आपली पंचपालवी. आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ. पंचपालवीतली पाच झाडंही सगळ्या घरांत तीच नसतात, म्हणून नावं लिहून घेतली. वाडीच्या पलीकडे राहणाऱ्या मोऱ्यांचं देवक मोरपीसच आहे, हेही तिनं सांगितलं. आडनाव एक, गाव एक, देवक दोन.

मोरे आडनाव मराठ्यांत आहे, कुणब्यांत आहे, इतर कितीतरी समाजांत आहे. जाधव, पवार, शिंदे यांचंही तसंच. आणि कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही तर वतनाची, हुद्द्याची नावं. एका गावचा कुलकर्णी दुसऱ्या गावच्या कुलकर्ण्याचा कुणी लागेलच असं नाही. तरी ‘कुलकर्णी घराण्याचं क्रेस्ट’ शोधलं तर तेही विकायला ठेवलेलं सापडतं, बहुधा सिंह आणि दोन तलवारी. ही गोष्ट मला मनापासून खटकते. ज्यांच्याकडे कुलदैवत, देवक, मूळ गाव, वतनाचे कागद, काहींकडे छापील कुलवृत्तांतसुद्धा आहे, त्यांना उपरा सिंह विकला जातो आणि आपल्याकडे काही नव्हतंच अशी समजूत पक्की होत जाते.

आत्याला पुढचा प्रश्न विचारला: देवक ग्लासांवर कोरलं तर चालेल? ती म्हणाली, देवकाला आपण हळदकुंकू वाहतो, ते दारूच्या पेल्यावर नको. पाण्याच्या भांड्यावर पानं काढलीत तर माझी ना नाही, पानं तोरणातही असतात. पण त्याला देवक म्हणू नका. इतका स्वच्छ निर्णय एखाद्या नोंदणी कार्यालयातूनही मिळाला नसता. आम्ही तो जसाच्या तसा पाळला.

मग वारसा उरला कुठे

मुलगा थोडा हिरमुसला. सोनेरी ढाल गेली, पक्षी गेले, मोरपीस गेलं. त्याला मी एका पेल्याची गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते, कारण काचेच्या पेल्यावरचा कौटुंबिक वारसा म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलंडमध्ये ईडनहॉल नावाच्या वाड्यात मसग्रेव्ह घराणं राहत असे. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक पेला होता, ‘लक ऑफ ईडनहॉल’. तो पऱ्यांनी झऱ्याकाठी टाकून दिला आणि तो फुटला तर घराण्याचं भाग्य जाईल, अशी दंतकथा. पेला प्रत्यक्षात चौदाव्या शतकातला, सिरिया किंवा इजिप्तमध्ये घडवलेला, वर निळ्या-हिरव्या-तांबड्या मिन्याची आणि सोन्याची नक्षी. त्यावर मसग्रेव्हांचं नाव नाही, ढाल नाही. तो इंग्लंडात कसा पोचला कोण जाणे, पण घरानं तो चामड्याच्या खोळीत शेकडो वर्षं जपला. वाडा १९३४ साली पाडला गेला. पेला आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, एक चीरसुद्धा नाही.

चिन्ह कोरलेले अस्सल पेलेही आहेत. न्यूकॅसलच्या बिल्बी भावंडांनी १७६० च्या दशकात काचेवर मिन्यानं रंगीत ढाली काढल्या, भट्टीत भाजून पक्क्या केल्या. तिसऱ्या जॉर्जच्या राजचिन्हाचे त्यांचे पेले प्रसिद्ध आहेत. पण त्यांचे ग्राहक म्हणजे ज्यांची ती ढाल खरोखर होती तीच माणसं. चिन्हाला वजन होतं ते त्या नोंदीमुळे, आणि ईडनहॉलच्या पेल्याला वजन आलं ते जपण्यामुळे. मोऱ्यांच्या घरी दुसरा मार्ग मोकळा होता.

काच

आता कामाचं. मुलाला रंग हवे होते. काचेवर नुसता छापलेला रंग भांडी धुण्याच्या यंत्रात काही महिन्यांत उडायला लागतो. बिल्बींसारखा भाजलेला मिना आमच्या आवाक्यातला नाही. एकरंगी कोरीवकामात ढालीचे रंग दाखवायची जुनी युक्ती आहे, १६३८ च्या सुमारास पेत्रा सांक्ता नावाच्या इटालियन जेझुइटानं रूढ केलेली: सोन्यासाठी ठिपके, तांबड्यासाठी उभ्या रेघा, निळ्यासाठी आडव्या, काळ्यासाठी उभ्या-आडव्या जाळीच्या. ढालच नसल्यामुळे आम्हाला ती लागली नाही. ज्यांना खरोखरची, स्वतःची ढाल कोरायची आहे त्यांनी कारागिराकडे तीच मागावी. राखाडी छटा भरून घेऊ नयेत, काचेवर त्या नुसत्या धुरकट दिसतात.

लेसर की वाळूचा मारा, हा पुढचा निर्णय. लेसर काचेच्या पृष्ठभागाला क्षणभर तापवून बारीक बारीक तडे पाडतो आणि त्यातून पांढरट खूण उमटते. अक्षरांना ठीक. पण पानाच्या शिरेसारखी नाजूक रेघ त्यात खरखरीत येते, आणि तिच्यात खोली नसते. वाळूच्या माऱ्यात प्रकाशसंवेदी फिल्मवर चित्र उतरवायचं, ती काचेवर चिकटवायची आणि दाबाच्या हवेनं खरवडणारी भुकटी मारायची. जिथे फिल्म नाही तिथे काच झिजते. दोन टप्प्यांत केलं तर मधली शीर खोल आणि पान उथळ करता येतं. आम्ही पानं वाळूनं केली, अक्षरं लेसरनं. काच शिशाशिवायची निवडली. युरोपीय नियमानं किमान २४ टक्के शिशाचं ऑक्साइड असलेल्या काचेला लेड क्रिस्टल म्हणतात. ती चमकते सुंदर, पण लेसरखाली तडकण्याची भीती असते आणि दारू त्यात फार वेळ राहिली की शिसं उतरतं.

सगळ्यांत जास्त वेळ मांडणीनं खाल्ला. काच पारदर्शक आहे, हे लोक विसरतात. पुढच्या बाजूचं चित्र मागून उलटं दिसतं, आणि दोन्ही बाजूंना चित्र असलं की रिकाम्या ग्लासात ती एकमेकांवर चढतात. मूळ मागणीप्रमाणे दोन ढाली समोरासमोर कोरल्या असत्या तर कुठलीच धड वाचता आली नसती. म्हणून बॉग मर्टलची एकच डहाळी पुढे घेतली, आणि नवरा-नवरीची नावं व तारीख मागच्या बाजूला अगदी खाली, जाड बुडाच्या कडेवर. कॅम्पबेल हे आडनाव फक्त डहाळीखाली, लहान अक्षरांत. बॉग मर्टलचं पान देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद, आणि टोकालाच थोडे दाते; हे दाते फिल्मवर हातानं जाड करावे लागले, नाहीतर ते माऱ्यात बुजत होते.

पाण्याचा संच वेगळा: एक जग आणि सहा ग्लास, नव्या जोडप्याच्या घरासाठी. जगाच्या कडेनं पाच पानं. पिंपळ त्याच्या शेपटीमुळे दुरूनही ओळखू येतो. वड जाड, बोथट, ठळक शिरांचा. आंबा आणि जांभूळ मात्र नुसत्या आकारावरून सारखेच वाटू लागतात. फरक शिरांत आहे. जांभळाच्या शिरा बारीक, दाट, जवळजवळ समांतर आणि कडेपाशी एका रेघेला मिळणाऱ्या. त्या दाखवल्या नसत्या तर आत्यानं पहिल्याच नजरेत ‘यात आंबा दोनदा आलाय’ म्हटलं असतं. उंबराला ओळख म्हणून एक फळ जोडलं. ग्लासांवर पानं घेतली नाहीत, फक्त देवनागरीत नवरीचं आणि नवऱ्याचं नाव.

आणि एक भर आत्याची. लग्नाचं भांडं नाव घातल्याशिवाय द्यायचं नसतं, म्हणून तिनं स्वतःच्या पैशांनी पुण्याच्या तांबट आळीतून तांब्याचा एक तांब्या आणि फुलपात्र मागवलं. त्यावर पूर्वीसारखं हातानं नाव कोरून घेतलं: नवरीचं नाव, आत्याचं नाव, गाव, तारीख. मोरे हे आडनाव फक्त याच भांड्यावर, गावाच्या नावाशेजारी आलं.

प्रत्येक खोक्यात एक छोटा कागद ठेवला. त्यावर बॉग मर्टल कुणाची खूण, पाच पानं कुठली, ती कुणी सांगितली आणि मोऱ्यांचं गाव कुठलं, एवढंच, मराठीत आणि इंग्रजीत. हा कागद ठेवण्याबद्दल माझा आग्रह होता आणि आता प्रत्येक कामात असतो. पन्नास वर्षांनी कपाट आवरताना कुणाच्या हाती हा जग लागला तर पाच पानं का, हे त्याला कुणी सांगायला नसेल.

नवरा आता स्वतःसाठी रीतसर ढाल मिळवण्याचा विचार करतो आहे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्याला लॉर्ड लायनकडे अर्ज करता येतो. कॅम्पबेल आडनावाच्या अर्जदाराचं प्रमुखाशी नेमकं नातं सिद्ध झालं नाही तरी त्याला त्याच आठ फाकांवर आधारलेली, पण स्पष्ट वेगळेपण असलेली ढाल मिळू शकते. त्या वेगळेपणासाठी पाच पानं घालता येतील का, असं नवरीनं विचारलं आहे. आत्याचं म्हणणं, ढाल भिंतीवर लावणार असाल तर चालेल. निर्णय लॉर्ड लायनचा असेल, आणि अर्ज अजून गेलेला नाही.